वेलची म्हणून माथी मारलेली जी-नाईन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वेलची केळीच्या नावाखाली ग्रँड नैनचं (म्हणजे जी-नाईन या मोठ्या केळीचं) रोप दिल्याबद्दल

ऑर्डर क्रमांक, पावती, फोटो सगळं तुमच्याकडे आहे. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने ते माझ्याकडून नव्याने मागून घेतलंय, त्यामुळे इथे पुन्हा जोडत नाही. तुम्ही टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, वेलची म्हणून जे रोप दिलंत ते वेलचीचं नाही. ते जी-नाईन आहे.

दोन्ही जाती तुम्हीच विकता, तरी मी सांगायचं! वेलचीचं खोड शेलाटं, पिवळसर हिरवं, देठाच्या कडांना गुलाबी झाक. माझ्या परसातल्या झाडाचा बुंधा जाडजूड, त्यावर काळपट तपकिरी डाग, देठाची पन्हळ सताड उघडी. रोप लहान असताना पानांवर तांबूस डाग दिसले, तेव्हाच मी फोटो पाठवून विचारलं होतं. "टिश्यू कल्चरच्या रोपाला असतात तसे, पुढे जातात," असं उत्तर आलं. डाग गेले, जात कुठे जाणार? आता घड लागलाय. केळी वीतभर लांब, वाकलेली, आणि अजून भरायची आहेत. वेलची बोटभर असते, पातळ सालीची. हे ओळखायला त्रिचीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात जायला नको, आमच्या मारुती चौकातला केळीवालासुद्धा लांबून सांगेल.

आता कालचा फोन. कॉल तुम्ही रेकॉर्ड करता म्हणे, तर कृपा करून स्वतः ऐका.

"सर, लेबलवर काय लिहिलंय?"

"वेलची."

"मग वेलचीच असणार ना सर."

मी म्हटलं, अहो, लेबल तुम्हीच अडकवलंत, तक्रार त्याचीच आहे. यावर दोन मिनिटं संगीत. परत आला तो म्हणतो, "सर, केळी मोठी आली ही चांगली गोष्ट आहे. लोक लहान आली म्हणून तक्रार करतात." मी शांतपणे सांगितलं की घरात शिकरणाला आणि नैवेद्याला वेलचीच लागते, मोठी केळी बाजारात ढिगाने मिळतात, त्यासाठी परसातली जागा वर्षभर कोण अडवेल? तर हा पठ्ठ्या म्हणतो, "मग सर, लहान असतानाच उतरवा ना."

लहान असतानाच उतरवा! मागे कोणीतरी खुदकन हसलं, तेही रेकॉर्ड झालं असेल. आणि लगेच, "आणखी काही मदत करू शकतो का सर?" आणखी? आधी कुठली केली होती?

वर, तक्रार सात दिवसांत करायला हवी होती हा नियम. सात दिवसांत केळीच्या रोपाला धड नवा पोंगाही, गुंडाळलेलं कोवळं पानही, येत नाही, घड कुठून दाखवू? केळीची जात कधी कळते हे तुम्हाला माहीत नसेल तर रोपं विकू नका, आणि माहीत असेल तर हा नियम मुद्दाम केलेला आहे. आमच्या सांगलीच्या हळदपेठेत राजापुरी हळद सांगून सेलम जातीची पुढे केली तर सौदा जागच्या जागी मोडतो. तुमच्याकडे मात्र खताचं कूपन मिळतं. कूपन काय करू, जी-नाईनला घालून आणखी मोठी करू?

वाईट याचं वाटतं की आमच्या विश्रामबागेत तुमची रोपं घ्या म्हणून सांगत फिरलो तो मीच. शेजाऱ्यांनी घेतली, आता तेही बुंधे न्याहाळत बसलेत. माझ्या झाडाच्या बुंध्याला मुनवे, म्हणजे नवी पिल्लं, फुटलेत, तेही जी-नाईनचेच येणार. म्हणजे चूक तुमची आणि पिढ्या मी वाढवायच्या.

खात्रीचं वेलचीचं रोप, भरलेले पैसे परत, आणि त्या खेपेतली रोपं घेतलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना लेखी कळवणं, एवढं पंधरा दिवसांत व्हायला हवं. नाही झालं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तुमच्या माणसाला मात्र सांगलीपर्यंत यावं लागेल. येताना लेबल वाचणारा नको, झाड ओळखणारा पाठवा.

एक ग्राहक,
विश्रामबाग, सांगली

ता. क. उत्तर लेखीच द्या. फोन करून पुन्हा फोटो मागितलात तर मी उचलणार नाही.