मॅडम, स्टोअरमधून वर काढल्याबद्दल थँक्यू

मॅडम,

हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा एक अंगठा टाकून मोकळ्या झाला असता, समोर बोलायला आलो असतो तर "चल चल, काम कर" म्हणून हाकललं असतं, म्हणून सरळ सगळ्यांसमोरच लिहितोय. पीपीसीत, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये, बसून मला सहा महिने झाले. खुर्ची अजून परकी वाटते, एसीची सवय मात्र दोन दिवसांत लागली.

आठ वर्षं चाकणला स्टोअर केलं मी. आलेल्या मालाची जीआरएन, दिलेल्या मालाची इश्यू स्लिप, बिन कार्ड, मंथ एंडचं काउंटिंग. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचं नवं बीएस सिक्स लागू झालं, त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाऊन लागला, आणि कंपनी उघडली तेव्हा बीएस फोरचा उरलेला माल वेगळा काढून त्याचे रॅक लावणारा मीच होतो, त्यातला कुठला स्पेअरला चालेल आणि कुठला भंगारात जाणार हे सिस्टिममध्ये कुठंच नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. रात्री दोनला थर्ड शिफ्टचा फोन यायचा, "अरे तो ब्रॅकेट कुठंय", आणि मी झोपेतच रॅक नंबर सांगायचो. बायको वैतागायची पण मला आतून भारी वाटायचं, आपल्याशिवाय स्टोअर हलत नाही!

मग प्लॅनिंगची पहिली आयजेपी, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठीची जागा, निघाली, मी फॉर्म भरला आणि आमच्या साहेबांनी सहीच केली नाही. "तू गेलास तर इथलं कोण बघणार?" एवढंच. मी तोंड पाडून तुमच्याकडं आलो, म्हटलं मॅडम जरा बाजू घेतील, साहेबांना दोन शब्द बोलतील. तुम्ही कॉम्प्युटरवरून मान पण वळवली नाही आणि विचारलंत, "सलग सुट्टी शेवटची किती दिवस घेतलीस?" मी म्हटलं तीन दिवस, गावाला, तेव्हा पण फोन चालूच होता. "मग कोण सोडेल तुला? त्यांच्या जागी मी असते तर मी पण नसतं सोडलं."

राग आला होता तेव्हा, आता सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोनशे पानी वही हातात दिलीत, शाळेतली असते तशी, आणि म्हणालात डोक्यात आहे ते सगळं यात उतरव आणि काउंटरवर त्या डिप्लोमाच्या ट्रेनी पोराला बसव. चार महिने लागले लिहायला. पोरानं पहिल्याच आठवड्यात एलएचच्या (डावीकडच्या) जागी आरएच (उजवीकडचा) ब्रॅकेट इश्यू केला, लाईन वीस मिनिटं थांबली, मी धावत जाऊन माल बदलून दिला, आणि संध्याकाळी तुम्ही त्याला काही न बोलता मलाच झापलंत की तू का पळालास, त्याला पळू दे. नंतर त्या पोरानं एलएचच्या बिनला पिवळी पट्टी आणि आरएचला निळी लावली. आठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, कारण मला तोंडपाठ होतं ना.

आणि मग साडेचारच्या चहानंतरचा तो अर्धा तास. त्याला पण तुमची अट होती, आधी साहेबांना विचारून ये, माझ्याकडं चोरून यायचं नाही. साहेब हो म्हणाले, कशामुळं म्हणाले ते मला अजून कळलं नाही, बहुतेक त्यांना रात्रीचे फोन कमी झाल्याचं जाणवलं असावं. तुम्ही सॅपमधली एमडी झिरो फोर, म्हणजे स्टॉक आणि मागणीची स्क्रीन, उघडायचात आणि एक्सेप्शन मेसेज दाखवायचात, दहा नंबर म्हणजे ऑर्डर अलीकडे ओढ, पंधरा म्हणजे पुढं ढकल, वीस म्हणजे रद्दच कर. मला तोवर वाटायचं प्लॅनर लोक वर बसून बटणं दाबतात आणि खाली आमची धावपळ होते. एकदा स्क्रीनवर एका पार्टचा ४०० स्टॉक दिसत होता आणि मी सहज बोलून गेलो की मॅडम यातले दीडशे गंजलेत, क्वालिटीवाल्यांनी तोंडी होल्ड केलेत, सिस्टिमला एंट्रीच नाही. तुम्ही खुर्ची फिरवून माझ्याकडं बघितलंत. "हे बोल इंटरव्ह्यूला. मी मेहनती आहे वगैरे अजिबात बोलू नकोस, तसे सगळेच असतात."

दुसरी आयजेपी निघाली तेव्हा तेच बोललो. बाहेरून आलेल्या दोघांना एमआरपी, म्हणजे सिस्टिमवरचं मालाचं प्लॅनिंग, माझ्यापेक्षा चांगली येत होती हे मला माहितीये, पण ते गंजलेले दीडशे त्यांना कुठून दिसणार. आणि या वेळी साहेबांनी फॉर्मवर उभ्या उभ्या सही केली.

एक गोष्ट मात्र तुमची अजून पटत नाही. "पगाराचं आत्ता काढू नको, आधी खुर्ची घे" म्हणालात, मी ऐकलं, आणि ग्रेड तोच राहिला, एक रुपया वाढला नाही. बाहेरून येणारा मागून घेतो आणि घरातल्यानं गप्प बसायचं, हे काय बरोबर नाही मॅडम. एप्रिलमध्ये काढणार आहे विषय, तेव्हा मध्ये पडू नका.

बाकी, मागच्या गुरुवारी तो पोरगा शॉर्टेज लिस्ट घेऊन वर आला होता, बगलेत आपली वही. सहज चाळली. सतराव्या पानावर माझा रॅक नंबर खोडून त्यानं दुसराच लिहिलाय, खाली बारीक अक्षरात तारीख. विचारणार होतो का बदलला म्हणून, पण तोवर तो जिना उतरून गेला पण होता.

तुमचा,
एलएच-आरएचवाला