वाघाचा राग कानात असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, मुलांच्या पानावर, ‘पाच पायऱ्यांत काढा रागीट वाघ’ असं सचित्र सदर आलं होतं. आधी मोठं वर्तुळ, त्यावर कानांची दोन लहान वर्तुळं, मग नाकाचा उलटा त्रिकोण, मग वासलेला जबडा आणि चार सुळे, शेवटी नारिंगी रंग मारून काळे पट्टे. माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी गल्लीतली मुलं चित्रं काढायला येतात. बहुतेकांनी तो वाघ जसाच्या तसा उतरवून आणला. सगळे वाघ एका आईचे! आणि सुळे खोडरबरने पुसले की मागे उरतो टेडी बेअर.

पायऱ्यांना माझा विरोध नाही. लहान हाताला वर्तुळाचा आधार लागतोच; शाळेत चित्रकला शिकवताना मीही तो देत असे. पण त्या पायऱ्यांनी मुलांना शिकवलं काय, तर राग म्हणजे उघडं तोंड. नवलख्याच्या चिडियाघरात वाघासमोर जरा वेळ उभं राहून बघा. तोंड उघडलं की बहुधा ती जांभई असते. डोळे मिटलेले, जीभ बाहेर. मोबाइलवर ‘डरकाळी’ म्हणून फिरणारे कितीतरी फोटो अशाच झोपाळू वाघांचे असतात.

चिडलेला वाघ ओळखायचा तो कानांवरून. त्याच्या कानाची मागची बाजू काळी असते आणि त्यावर एक ठळक पांढरा ठिपका असतो. एरवी तो समोरून दिसत नाही. वाघ बिथरला की कान वळवून आडवे पाडतो, आणि मग ते दोन ठिपके समोरच्याला दिसू लागतात. नाकावर आठ्या चढतात, डोळे बारीक होतात. हे एवढं कागदावर आलं की तोंड बंद ठेवलं तरी चालतं. आपल्या सदरातल्या वाघाचे कान सशासारखे ताठ होते. शिवाय डोळ्यांत उभी चीर होती, ती घरच्या मांजरीची. वाघाची बाहुली गोल असते.

पट्ट्यांचीही तीच गत. मुलं दोन्ही अंगांना पाच-पाच समांतर रेघा ओढून मोकळी होतात. खऱ्या वाघाच्या डाव्या-उजव्या अंगांवरचे पट्टेसुद्धा एकसारखे नसतात, मग दोन वाघांचे कुठून असणार? जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतले वाघ एकमेकांपासून वेगळे ओळखतात ते या पट्ट्यांवरूनच. 2022 च्या गणनेत मध्य प्रदेशात 785 वाघ असल्याचा अंदाज निघाला, देशात सर्वांत जास्त. अशा राज्यातली आमची मुलं वाघ शिकतात कार्टूनवरून.

चिडियाघरातून आल्यावर मी मुलांना आठवणीतून वाघ काढायला लावला होता. तिसरीतल्या एका मुलीने तो पाठीमागून काढला. चालणारा, मान खाली, खांद्याची दोन हाडं पाठीच्या रेषेच्या वर आलेली, शेपटीचं टोक किंचित उचललेलं. रंगवायला तिला वेळच उरला नाही. न्यायला आलेल्या आईने विचारलं, “अगं, तोंड कुठाय त्याचं?” पोरगी म्हणाली, “अजून वळला नाहीये.” बाकीच्या सगळ्या सुळ्यांपेक्षा मला त्या पाठीची भीती वाटली.

दीनानाथ भार्गव हे नाव आपल्या वाचकांना माहीत असेल. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचे. 2016 मध्ये आपल्या इंदूरलाच वारले. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते आणि संविधानाच्या मूळ प्रतीवरच्या राजमुद्रेचं काम बोस यांनी त्यांच्याकडे सोपवलं होतं. सारनाथचे सिंह दगडाचे. समोर ठेवून उतरवले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण सिंह बसतो कसा, बघतो कसा, हे टिपायला भार्गव कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात खेपा घालत राहिले, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं आहे. दगडी सिंहासाठी एवढं, आणि आपण जिवंत वाघ पाच पायऱ्यांत उरकतो! (2022 मध्ये नव्या संसद भवनावरचे सिंह उग्र की शांत, यावर टीव्हीवर केवढा वाद झाला. सगळ्यांचं लक्ष सुळ्यांवर. कानांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.)

सुट्टीच्या गर्दीत पिंजऱ्यासमोर पॅड मांडून बसता येत नाही, हे खरं. म्हणून शाळांनी मुलांना आडवारी सकाळी न्यावं. एका वेळी थोडीच मुलं, एक पॅड, एक टू-बी पेन्सिल, आणि खोडरबर घरी. वाघ हलतो, रेघ चुकते, तर तिच्याशेजारी दुसरी ओढावी. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी गल्लीत मांजर आहे. ती भिंतीवरून चालत जाते तेव्हा खांद्याची हाडं तशीच वरखाली होतात, कुत्रा दिसला की कान तसेच आडवे पडतात. आधी तिची पाठ हाताला बसू द्या. मग मान जाड करायची, पंजे मोठे करायचे, बाहुली गोल करायची. मी मुलांना वाघापर्यंत याच वाटेने नेते. चेहरा सगळ्यात शेवटी, तोही कुणाला काढायचाच असेल तर.

29 जुलैच्या व्याघ्र दिनाला शाळाशाळांतून वाघ काढण्याच्या स्पर्धा होतील. परीक्षकांना माझी विनंती की तोंड दिसत नाही म्हणून कुणाचं चित्र बाजूला टाकू नका. आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी पायऱ्या छापण्याऐवजी चालणाऱ्या वाघाचा एक मोठा फोटो छापा, बाजूने घेतलेला, आणि खाली तेवढीच कोरी जागा सोडा. कृष्णधवल असला तरी चालेल. फक्त जागेच्या अडचणीपायी कान कापू नका.

आपली वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर