मेंढपाळ दिशाहीन भटकत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला मेंढपाळांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातनं गेला नाही. लेखकाचा अभ्यास असेलही, पण 'दिशाहीन भटकंती' हे त्यांनी तीनदा लिहिलंय. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली, दिशा माहीत नसती तर एक हंगामसुद्धा निघाला नसता. दिवाळी झाली की दुष्काळी माणदेशातनं वाडा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा आणि मेंढरांचा तांडा, निघायचा, घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं, कृष्णाकाठ धरून मग घाट उतरून कोकण. भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात, शेतकरी स्वतः निरोप धाडतात की यंदा आमच्या रानात मेंढरं बसवा, कारण लेंडीखत फुकट मिळत नाही, त्याचे धान्य नाहीतर पैसे देतात. कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही, खूर सडतात, म्हणून मिरगाच्या आत माघारी दुष्काळी मुलखात. आणि कुरणं चरून संपवतात म्हणे! कळप एकाच जागी कोंडला तर गवत मुळासकट जातं, पुढं चालत राहिला की मागं ते परत फुटतं. तुमचा लेख म्हणतो यांना एका जागी बसवा.

मी बारा वर्षांचा असताना घाटाखाली आमच्या कोकरांना हगवण लागली. वडील आणि मी दोन कोकरं खांद्यावर टाकून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या माणसानं कोकराला हात लावायच्या आधी गाव विचारलं, सांगितलं तर म्हणाला, मग तिकडं जावा, औषध या हद्दीतल्या जनावरांसाठी आहे. गाव दीडशे किलोमीटर मागं. वडील हात जोडून उभे होते ते मला अजून दिसतंय. चार दिवसांत १४ कोकरं गेली, आई कोकरं कोंडायच्या जाळीच्या कडेला बसून एकेक उचलून बाजूला ठेवत होती.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. तरी जिथं मुक्काम तिथं लस आणि औषध, एवढी साधी मागणी लेखात कुठंच नाही.

अजून एक. लेखासोबतच्या फोटोत एक बाई घोड्यावर ओझं चढवतीय आणि खाली छापलंय 'मेंढपाळाचे कुटुंब'. वाडा उठवणं, उभा करणं, कोकरं जगवणं, धान्याचा हिशोब, हे सगळं माझी आई करायची, अख्ख्या लेखात बाईबद्दल एक ओळ नाही. फोटो काढणाऱ्यानं तिला नुसतं विचारलं असतं तरी पुढच्या मुक्कामाचं गाव तिनं सांगितलं असतं.

आपला,
एका मेंढपाळाचा मुलगा