बालवर्गाला शंभराची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'आमची शंभरपर्यंत म्हणते,' असं बालवर्गाचे पालक कौतुकानं सांगतात. कौतुक व्हावंच. पण त्याच मुलीपुढे दहा चिंचोके ठेवून 'यातले पाच दे' म्हणा. तीन-साडेतीन वर्षांची बरीच मुलं सरळ मूठभर उचलून देतात. पंचवटीत अंगणवाडी सेविका म्हणून काम करताना मी हे नेहमी पाहत आले.

आकडे पाठ असले तरी मोजताना बोट पुढे पळतं नि तोंड मागे राहतं. एखादा चिंचोका सुटतो, एखादा दोनदा मोजला जातो. ओळीत मांडले तर जमतं; गोल मांडले की सुरुवात कुठून केली हे विसरून मूल मोजतच राहतं. यावरचा उपाय आपल्या मार्केट यार्डात रोज दिसतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या शेकड्यानं विकल्या जातात, तेव्हा मोजलेली जुडी पलीकडे जाते, पुन्हा ढिगात येत नाही. मुलांनाही दोन ताटल्या द्या, एकेक मणी इकडून तिकडे टाकत मोजू द्या.

खरी अवघड पायरी त्यापुढची. सात मणी बिनचूक मोजल्यावर 'किती झाले?' विचारलं, की मूल परत एकपासून सुरू करतं. शेवटी आलेला 'सात' हा सगळ्या मण्यांचा मिळून, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. तिथे रागावू नये हो! सगळ्यांवरून हात फिरवून 'हे सगळे मिळून सात' असं म्हणावं. आज मणी, उद्या शेंगा, परवा घरातल्या चपला.

यासाठी महागडे संच लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला भोवतालच्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभं केलं. २०२१ च्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानातही बालवाटिकेकडून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाकडून, १० पर्यंतचे अंक ओळखण्या-वाचण्याचीच अपेक्षा आहे, ९९ पर्यंतच्या संख्या पहिलीला येतात. मग चार वर्षांच्या लेकराला शंभरापर्यंत का पळवायचं?

नाशिकच्या बालवर्गांना माझी विनंती आहे, की पुढच्या पालकसभेत मुलांकडून आकडे म्हणवून घेऊ नयेत. टेबलावर चिंचोके ठेवावेत आणि प्रत्येक पालकाला आपल्या मुलाकडून पाच मागून पाहू द्यावेत.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, पंचवटी, नाशिक