मागची चाकं बाहेर काढण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गाडी घरी आली, इंजिन एका हाकेत चालू झालं, आणि आता तुला तिची चाकं मडगार्डच्या आत रुसून बसल्यासारखी वाटतात. पुढे-मागे चारही चाकांना 25 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या, चाक बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या चकत्या, घालायचा तुझा बेत आहे. तू मत विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो, कारण पोर्श 911 एससीसारखी गाडी तुझ्या हाती आली याचा मला मनापासून आनंद आहे.

पहिलं म्हणजे, तुला दिसतंय ते खरंच आहे. एससीचे मागचे मडगार्ड फुगीर आहेत आणि सात इंची चाक त्यात थोडं आत राहतं. ही रुंदी या गाडीत हळूहळू येत गेली. 1967च्या 911 एसवर फुक्स कंपनीची चाकं पहिल्यांदा आली तेव्हा ती जेमतेम साडेचार इंच रुंद होती. पुढच्या वर्षी ती साडेपाच इंच झाली, त्यानंतर सहा. 1973च्या 911 कॅरेरा आरएसला मागे सात इंच मिळाले आणि त्यासाठी मागचा पत्रा रुंद करावा लागला. पोर्शच्याच 930 टर्बोला तर कारखान्यातूनच स्पेसर लावलेले असत. त्यामुळे स्पेसर घालणं म्हणजे गाडीचा अपमान, असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. पण कारखान्याने रुंदी वाढवली ती टायर, सस्पेन्शन आणि पत्रा यांचा एकत्र विचार करून. तू फक्त चाक सरकवणार आहेस. म्हणून किती सरकवायचं हे आवडीवर न सोडता मडगार्डखालच्या जागेला ठरवू दे.

हिशेब सोपा आहे. सोळा इंची सेटमध्ये पुढच्या सहा इंची चाकाचा ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, 36 मिलिमीटर असतो, मागच्या सात इंचीचा 23.3. मागे 15चा स्पेसर घातलास तर ऑफसेट साधारण 8 वर येतो आणि दोन्ही बाजू मिळून ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, 30 मिलिमीटरने वाढतो. पंधरा म्हणजे अंगठ्याच्या रुंदीपेक्षाही कमी, पण मागून बघितल्यावर गाडी वेगळीच उभी दिसते. पंचवीसने ट्रॅक 50 मिलिमीटर वाढेल. टायर मडगार्डच्या काठाबाहेर गेला की त्या गाडीची पाठीकडे उतरणारी सुंदर रेषाच मोडते, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकतं.

आता पुढच्या चाकांबद्दल. इथे माझा आग्रह आहे की हात आवर. स्टिअरिंग फिरवताना चाक एका कललेल्या अक्षाभोवती वळतं. तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतच्या आडव्या अंतराला स्क्रब रेडिअस म्हणतात. स्पेसर जेवढ्या जाडीचा, तेवढं हे अंतर बदलतं. त्याचा परिणाम सरळ हातात येतो: खड्ड्यावर स्टिअरिंग झटका देतं, रस्त्यावर चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या गाडीला ओढू लागतात, आणि ब्रेक मारताना एका बाजूला कमी पकड असेल तर गाडी जास्त खेचली जाते. जुन्या 911चं स्टिअरिंग बिनपॉवरचं आहे आणि रस्ता जसाच्या तसा बोटांपर्यंत पोचवतं. तो या गाडीचा सगळ्यात मोठा गुण आहे. दिसण्यासाठी तो गढूळ करू नकोस. पुढे पाच-सात मिलिमीटर पुरे, किंवा काहीच नको. मागे मात्र ट्रॅक वाढवलास तर गाडीचा तोल बदलतो, हे लक्षात ठेवून पहिले काही दिवस वळणं सावकाश घे.

बेअरिंगवर ताण वाढतो का, असं विचारलंयस. वाढतो, कारण चाक बाहेर गेलं की भार लांब हातावरून येतो. पण कमी ऑफसेटचं चाक घेऊन टायर तेवढाच बाहेर आला, तरी ताण तितकाच वाढेल. म्हणजे दोष एकट्या स्पेसरचा नाही. स्पेसरमुळे वाढते ती जोडणी. एका जोडाच्या जागी दोन होतात, आणि गोंधळ होतो तो बहुतेक वेळा तिथेच.

म्हणून आता सगळ्यात महत्त्वाचं. चाक हबवर टिकतं ते नट आवळल्यावर दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात म्हणून. स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आणि नट बसणाऱ्या आटेदार दांड्यांवर, चाक टांगलेलं नसतं. स्पेसरच्या दोन्ही बाजू सपाट आणि स्वच्छ हव्यात. मध्ये रंगाचा थर, गंज किंवा ग्रीस राहिलं तर ते कालांतराने दबतं आणि नट सैल होतात. हबच्या मधली कड 71.6 मिलिमीटरची आहे. स्पेसरच्या आतलं भोक तेवढंच असावं आणि बाहेरच्या बाजूला चाकासाठी तशीच कड असावी, म्हणजे चाक नेमकं मध्यावर बसेल. पातळ चकत्यांना अशी कड देता येत नाही. त्या हबची कडच खाऊन टाकतात. दोन स्पेसर एकावर एक कधीही लावू नकोस.

आट्यांचं बघ. स्टड एम14 बाय 1.5 आहेत, म्हणजे व्यास 14 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. स्टीलच्या नटला निदान स्टडच्या व्यासाइतके आटे धरायला हवेत, म्हणजे 14 मिलिमीटर, साधारण सव्वानऊ फेरे. फुक्सच्या चाकांवर अॅल्युमिनियमचे नट असतील तर त्याहून जास्त धर. दहा-पंधराचा स्पेसर घातल्यावर मूळ स्टड तेवढे पुरणार नाहीत. यावर दोन मार्ग. एकतर हबचे स्टड काढून लांब स्टड दाबून बसवायचे. नाहीतर स्वतःचे स्टड असलेला स्पेसर हबला आवळायचा आणि त्यावर चाक. दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण तो जाड स्पेसरलाच जमतो, नाहीतर मूळ स्टडची टोकं चाकाला आतून टेकतात. शिवाय आतले नट चाक काढल्याशिवाय तपासता येत नाहीत. मी लांब स्टडच्या बाजूचा आहे. काम जास्त आहे, पण आत काही लपून राहत नाही. नटची बैठक गोल असते, शंकूच्या बैठकीचे नट बसवू देऊ नकोस. आवळायचं ते 130 न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचनेच, चाक हवेत असताना हाताने बसवून मग जमिनीवर टेकवून, समोरासमोरच्या क्रमाने. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा रेंच लाव.

विकत घेण्याआधी माप घे. गाडी सपाट जागेवर, टाकी भरलेली, टायरमध्ये हवा बरोबर. मागच्या मडगार्डच्या काठावरून ओळंबा सोड आणि टायरच्या सगळ्यात फुगलेल्या भागापर्यंत किती जागा आहे ते मोज. डावी आणि उजवी वेगळी मोज, कारण इतक्या जुन्या गाडीच्या दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही. मग सस्पेन्शन पूर्ण दाबलेल्या अवस्थेत टायर वर जाऊन काठाच्या आतल्या दुमडीला लागतो का ते बघ. पुढे हेच दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण फिरवून कर. दुमड ठोकून सपाट करायचा सल्ला कोणी दिला तर आत्ता नको. जुना रंग तिथे तडकतो आणि तडकलेल्या रेघेतून गंज आत शिरतो. त्यापेक्षा स्पेसर पातळ घे.

चारही कोपऱ्यांची मापं आणि टायरवर लिहिलेला आकार मला कळव. स्टडची लांबी त्यावरून काढून देतो, आणि तोवर काही ऑर्डर करू नकोस.

तुझा,
जुना मित्र