पानशेतच्या त्या काकांना थँक्यू

रविवारी पुण्याहून पानशेतला सेकंडहँड बोट बघायला गेलेलो, इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं, मालक म्हणे एकदम टकाटक. ॲडव्हान्स काढणार तेवढ्यात शेजारी जाळं सुकवणारे एक काका उठून आले, म्हणाले थांबा जरा, आणि मालकाला विचारून खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल केला. बाहेर आलं ते दूध घातलेल्या कॉफीसारखं! म्हणजे सील गेलेलं, गिअरमध्ये पाणी. मग इंजिन टांगतात ती मागची फळी ठोकली तर कोपऱ्यात आवाज बद्द, आतलं लाकूड कुजलेलं. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालेलं, असो. माझे हात बरबटले तर काकांनी खांद्यावरचा पांढराशुभ्र पंचा पुढे केला, मी नको नको म्हणतोय तरी. वर चहाचे पैसेपण देऊ दिले नाहीत. काका, नाव विचारायचं राहिलंच, पण मनापासून आभार!