टेम्प्लेट असते, पण सापडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका कार्यालयातील पत्रव्यवहाराचे काम मी सांभाळते. काही दिवसांपूर्वी आमच्याकडून सभेची एक सूचना बाहेर पडली. तारीख बरोबर होती, विषय बरोबर होता. परंतु तिसऱ्या परिच्छेदात माजी अध्यक्षांचे नाव तसेच राहून गेले. ते गृहस्थ मध्यंतरी निवर्तले आहेत आणि सूचनेची एक प्रत त्यांच्या घरीही गेली. चूक कशी झाली, हे शोधायला वेळ लागला नाही. जुन्या सूचनेची फाइल उघडायची, नावे आणि तारखा बदलायच्या आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करायची, हीच आमची वर्षानुवर्षांची पद्धत आहे. वास्तविक या सूचनेचे टेम्प्लेट, म्हणजे नावे-तारखा भरायचा कोरा साचा, एका सहकाऱ्याने पूर्वीच करून ठेवले होते आणि ते त्याच संगणकात होते. ते कोणालाच सापडत नव्हते, एवढेच.

हा अनुभव अनेकांचा असणार, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘फाइल’मधून ‘न्यू’वर गेले की समोर येतात ती तयार माहितीपत्रके, अर्ज, दिनदर्शिका. तिथला शोधाचा चौकोन ऑनलाइन टेम्प्लेट्स शोधण्यासाठी असतो. आपण स्वतः केलेले टेम्प्लेट त्यात शोधत बसणारा माणूस शेवटी कंटाळून जुनी फाइल उघडतो. आपली टेम्प्लेट्स ‘पर्सनल’ या टॅबखाली असतात, आणि तीही ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असतील तरच दिसतात. २०१३च्या आवृत्तीपासून हे फोल्डर सहसा ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ हे असते, आणि त्याचा पत्ता ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात पाहता किंवा बदलता येतो. आमच्या सहकाऱ्याने टेम्प्लेट ठेवले होते वेगळ्याच फोल्डरमध्ये, त्यामुळे ते यादीत येणे शक्यच नव्हते. ते नेमके कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर फाइलच्या नावाच्या शेवटी येणारा ‘.dotx’ (डॉटएक्स) हा शेपटीचा भाग लिहून संगणकातच शोध घ्यावा. २००७पूर्वीच्या टेम्प्लेटची शेपटी नुसती ‘.dot’ (डॉट) असते.

सापडल्यावरही एक जपावे लागते. फोल्डरमधल्या टेम्प्लेटवर डबल क्लिक केले की त्याच्यावरून नवा, बेनाव दस्तऐवज तयार होतो आणि मूळ टेम्प्लेट सुरक्षित राहते. वर्डच्या ‘ओपन’मधून मात्र खुद्द टेम्प्लेटच उघडते, त्यात मजकूर भरून सेव्ह केले की साचाच बिघडतो. टेम्प्लेट आहे म्हणता म्हणता त्यात कोणाचा तरी पत्ता कायमचा चिकटलेला असतो तो बहुधा यामुळेच.

लिब्रेऑफिस रायटर हा वर्डसारखाच लेखनाचा प्रोग्राम वापरणाऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबली की टेम्प्लेट्सची खिडकी उघडते, आणि ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ने ठेवलेला साचाही तिथेच मिळतो.

माझे म्हणणे दोन ठिकाणी पोहोचावे असे वाटते. पहिले म्हणजे, असे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी वापरणाऱ्याने स्वतः तयार केलेली टेम्प्लेट्स ‘न्यू’ म्हणताक्षणी सर्वांत आधी दाखवावीत आणि शोधाच्या चौकोनातही ती यावीत. रोज लागणारी सूचना, पावती, पोचपत्र यांपुढे रंगीत माहितीपत्रकाची निकड किती जणांना असते? दुसरे म्हणजे, संगणकाच्या वर्गांमध्ये अक्षरे ठळक कशी करावीत, तक्ता कसा काढावा हे मन लावून शिकवतात, पण टेम्प्लेट कुठे ठेवावे आणि पुन्हा कसे काढावे याला एक तासही दिला जात नाही. तेवढा तास जरूर द्यावा. आपल्या वृत्तपत्रातील संगणकविषयक मजकुरातही या विषयाला जागा मिळावी, ही विनंती.

आम्ही ते टेम्प्लेट आता ठरलेल्या फोल्डरमध्ये हलवले आहे आणि त्यात अध्यक्षांच्या नावाची जागा रिकामी ठेवली आहे. त्या कुटुंबाला दिलगिरीचे पत्र मात्र मी हाताने लिहिले.

आपली,
एक वाचक